खांबाशी सहा जण

१० नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पुन्हा भाजलेल्यांच्याच वॉर्डात ड्यूटी लागली. सुट्टीत मी तुम्हा सगळ्यांकडून आग लागली तर पळायची तालीम करून घेतली तेव्हा दादा हसत होता. इथे एक दिवस उभा राहिला तर हसणार नाही. घरात शिकलेली मी पहिली, म्हणून सांगायचं कामही माझंच.

दारामागे मी लावलेला नियमांचा कागद काढू नकोस. अप्पांना वाचता येत नाही, दर रविवारी वाचून दाखव. वीज गेली की इस्त्रीचं बटण बंद. धूर दिसला की हातातलं टाकून विजेच्या खांबाशी. अप्पांनी सहा डोकी मोजायची. सहा भरल्याशिवाय मोजणी संपली नाही. आणि बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नाही, कशासाठीही.

शिवणकामाचं घर, जिकडे तिकडे चिंध्या. जीव टांगणीला लागतो गं. छकुलीला पापा.

तुझी नणंद

२६ नोव्हेंबर

चि. नर्सबाईंस, अ. उ. आ.

तालीम चालू आहे. सासूबाई म्हणतात, या वयात पळवून मारण्यापेक्षा आग बरी. गिऱ्हाइकं विचारतात, टेलरमास्तरांनी सर्कस काढली का. आमची छकुली सगळ्यांच्या आधी खांब गाठते.

अप्पा बटणं मोजावीत तसे मोजतात, स्वतःच्या छातीपासून सुरुवात करून. पाचावर येऊन अडतात. सहावी कुठे, असं दर वेळी विचारतात. ती नोकरीवर आहे, असं मी सांगितलं की स्वतःशीच हसतात.

काळजी करू नकोस, वेळेवर जेव. आमची आठवण असू दे.

तुझी वहिनी

१९ जानेवारी

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

आगीनंतर आठ दिवस भाजलेल्या अप्पांच्या उशाशी बसले. तेव्हा गिळलेला राग आता इथे लिहिते. भरदुपारी वीज गेली, इस्त्री कापडावर तशीच ठेवून ते जेवायला उठले, वीज परत आली आणि कापड पेटलं. अशी चूक कुणाच्याही हातून होते. पण सगळे खांबाशी पोचल्यावर ते परत आत गेले, तेही शिलाई मशीनसाठी. मशीन दुसरं मिळतं. त्यांचा उजवा अंगठा आता बोटाला टेकणार नाही, सुई कशी धरतील? तो नियम मी लाल शाईने लिहिला होता. तू वाचून दाखवत होतीस ना?

अधिक लिहवत नाही.

तुझी नणंद

२७ जानेवारी

चि. नर्सबाईंस, अ. उ. आ.

वाचून दाखवत होते. मशीनचं खोटं आहे. तुला कळू नये म्हणून अप्पांनी शपथ घातली होती, ती आज मोडते.

त्या दुपारी खांबाशी त्यांनी मोजलं. पाच भरले. सहावी कुठे, असं विचारलं. दर रविवारी उत्तर मी देते. त्या दिवशी छकुलीला कडेवर घेऊन मी खोकत होते, तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात ते तुला हाका मारत आत शिरले. तुझ्या खाटेवरचा कापडांचा ढीग पेटला होता. तू त्याखाली असशील म्हणून त्यांनी तो नुसत्या हातांनी उपसला. तुझ्या दादांनी ओढून आणलं.

ते म्हणतात, पोरीने सहा सांगितले होते, पाचावर कसा थांबणार. पण बोलायचं माझ्याकडे होतं.

जमलं तर माफ कर.

तुझी वहिनी

२ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांस, सा. न. वि. वि.

वहिनी हे वाचून दाखवेल. शपथ मोडली म्हणून तिला बोलू नका. तिला सांगा, चूक तिची नाही, तुमचीही नाही. मी सुट्टीत घरी होते म्हणून सहा लिहिले, आणि जाताना स्वतःला वजा करायला विसरले. शिकलेली म्हणवते.

नव्या कागदावर पाच लिहायला सांगितलं आहे. रविवारची तालीम पुन्हा सुरू करा. बोट लावता येत नसेल तर मानेने मोजा. पाच झाले की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, सहावी बाहेर आहे. एकाला खोकला लागला तर दुसरा म्हणेल. कुणीच म्हटलं नाही तर अप्पा, तुम्ही म्हणा.

पत्राच्या शेवटी लोभ वाढावा असं लिहितात. मी लिहीत नाही. आहे तेवढाच राहू द्या.

तुमची मुलगी