जिभेखालची गोळी

प्रिय थोरल्या,

तुझी आजी अजून आहे. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर घरून पत्र आलं म्हणताच तू डोक्यावरची टोपी काढायचास. अक्षर वाकडंतिकडं आलं तर मला बोल लावू नकोस. मी नुसती सांगते आहे, लिहिणाऱ्याची बोटं थरथरतात. मला काय, कागद उलटा धरला तरी सारखाच.

फौजेत तू छाती फुगवून गेलास आणि काम मिळालं ते बाटल्यांचं. जवानांनी दारू किंवा दुसरी कसली नशा केली का ते तपासायला त्यांच्या लघवीच्या बाटल्या घ्यायच्या, झाकण लावायचं, वर चिकटपट्टी मारायची. ऐकून मी पोट धरून हसले होते. शेजारणीला सांगितलं, नातू मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याच्यापुढे भल्याभल्यांची चड्डी उतरते. तू चिडलास. म्हणालास, "आजी, हातात बंदूक असलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, हे कोणीतरी बघायला नको?" मी हसू आवरलं. तसं माझ्या हातून फारसं होत नाही.

मग एक दिवस तुझ्याच टेबलापुढे तुझा धाकटा भाऊ आला, तोही फौजेतच. त्यानं दिलेली बाटली तुझ्या हाताला थंड लागली. स्वतःची असती तर कोमट असती. ही दुसऱ्या कोणाची, मोज्यात लपवून आणलेली. मागे रांग होती, कोणाचं लक्ष नव्हतं. झाकण लावून टाकायचं होतं, तुझी आई अजून रोज एवढंच म्हणते. तू साहेबाला हाक मारलीस.

धाकट्याला फौजेच्या नशामुक्ती वॉर्डात ठेवलं, मग गोळ्या देऊन घरी पाठवलं. नोकरीवरून काढलंही नाही, परत घेतलंही नाही. दोरीवरच्या कपड्यासारखं लोंबकळत ठेवलंय. तेव्हापासून तू घराकडे फिरकला नाहीस. तुझ्या कपाटात तुझ्या आईनं जुनी अंथरुणं भरली आहेत, जागा नाही म्हणे. घरात जागा भरपूर आहे, बाबा.

गोळी कशी द्यायची ते शिकवायला वॉर्डातल्या नर्सबाईनं घरातल्या एकाला बोलावलं होतं. तुझ्या आईचं रडणं आवरेना, म्हणून मी गेले. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर माणूस ओकून ओकून आडवा होतो, त्या धाकानं तो घेत नाही. पण गोळी पोटात गेली पाहिजे. नर्सबाई म्हणाली, "आजी, पाणी प्यायला लावा, आ करायला लावा, जीभ वर उचलायला लावा. लाजू नका." मी आणि लाजणार! तिकडे तू बाटल्या बघतोस, इकडे मी जीभ बघते. घराण्याचं नाव आपण दोघं काढणार. रोज सकाळी त्याला खिडकीपाशी उभा करते, दात नीट घासले नाहीत म्हणून दोन शब्द सुनावते, मग दोघं पायरीवर बसून राहतो, म्हणजे उठून थुंकायला जायला नको. तो फार बोलत नाही. एकदा म्हणाला, "दादा आत्ता कोणाच्या बाटल्या घेत असेल?" मी म्हटलं, तुझी सोडून सगळ्यांच्या. हसला नाही. हात मांड्यांखाली दाबून बसला.

आता ज्यासाठी पत्र, ते सांगते. माझे डोळे गेले, थोरल्या. डॉक्टर म्हणतो, आतला पडदाच खराब झालाय, चष्म्यानं काही व्हायचं नाही. घरात मी कोणाला बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात धाकट्यानं आ केला आणि मी नेहमीसारखी "शहाणा माझा" म्हणाले. संध्याकाळी तो खाटेशी येऊन बसला आणि माझ्या तळहातावर काहीतरी खरबरीत, अर्धवट विरघळलेलं ठेवलं. सकाळची गोळी. म्हणाला, "जिभेखालीच होती, आजी. तुला दिसत नाही. उद्या पुन्हा ठेवली तरी दिसणार नाही." मी म्हटलं, मग तुझ्या आईला देऊ का हे काम? तर म्हणतो, "आई नुसतं 'घेतलीस ना?' विचारते आणि मी हो म्हणायच्या आत मान वळवते." मग म्हणाला, "दादाला बोलाव. त्याला फसवता येत नाही." तूच लिही म्हटलं तर कागद घेऊन बसला आणि कोराच ठेवून उठला. म्हणून आज मी सांगते आहे आणि तो लिहितो आहे; अक्षर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. रजा काढून ये. तुझ्या आईचं मी बघते, तोंड अजून शाबूत आहे माझं. पण उशीर नको करूस. आज सकाळची गोळी पोटात गेली का, मला ठाऊक नाही. आत्ताच त्याला विचारलं, तर नुसता पेनाचा आवाज थांबला.

तुझीच,
आ करायला लावणारी आजी