भूखंड क्रमांक सतरा

आदरणीय दाजी,

नमस्कार. ताईचा गुडघा आणि तुमचा रक्तदाब दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो (नसतील तर इतक्यात कळवू नका, माझ्या डोक्यात आणखी काळजीला जागा नाही). आमचं म्हणाल, तर भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, एक दरवाजा आणि चार खिडक्या असे गुण्यागोविंदानं राहतो. घर बांधायचं म्हणून मी, सुतार माणसानं, हौसेनं दार-खिडक्या आधीच करून ठेवल्या, त्याला अकरा वर्षं झाली. भिंतीला टेकवलेल्या दारावर ही ओले टॉवेल वाळत घालते.

सोसायटीनं आमचा भूखंड का रद्द केला हे तुम्ही दरवेळी विचारता आणि मी विषय बदलतो. आज सांगूनच टाकतो. दोन वर्षांत बांधकाम केलं नाही, म्हणून त्यांनी खुलासा मागवला (नकाशावर सही द्यायला ती दोन वर्षं सेक्रेटरींनीच मला हेलपाटे घालायला लावले, हे वेगळं). नोटीस पाठवली कुठे, तर भूखंड क्रमांक सतरा या पत्त्यावर. तिथे तेव्हा गवत होतं आणि एक गाढव. पोस्टमननं इमानेइतबारे शेरा मारला, की या पत्त्यावर कोणी राहत नाही. तोच शेरा कमिटीनं पुरावा म्हणून फाइलला लावला, वाटप रद्द केलं आणि पुढच्याच सभेत भूखंड सेक्रेटरींच्या मेहुण्याला दिला.

कोर्टात माझ्या वकिलानं विचारलं, "घर नाही हे माहीत होतं, तर नोटीस तिथे कशी पाठवली?"

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "यांनी वेळेत घर बांधलं असतं, तर मिळाली असती."

न्यायाधीशांना हसू आलं. मलाही आलं. मग पुढची तारीख पडली, आणि तारखा पडता पडता सतरावर त्या मेहुण्याचं दुमजली घर उभं राहिलं. त्याच्या कंत्राटदारानं दारांच्या कामासाठी मलाच बोलावणं धाडलं. दाजी, त्या वर्षी हाताला काम नव्हतं. मी ती दारं केली, आणि चांगली केली. त्या दिवसापासून ही आमच्या दारावर टॉवेल वाळत घालायला लागली.

गेल्या महिन्यात निकाल लागला. वाटप रद्द करणं बेकायदा ठरलं, म्हणजे मी जिंकलो. मात्र उभं घर पाडता येत नाही, सबब सोसायटीनं मला दुसरा भूखंड द्यावा, असा हुकूम झाला. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, "खिडक्यांना वाळवी लागलीय."

आपला मेहुणा

ता. क. दुसरा भूखंड मिळाला. क्रमांक बावीस. होय, तुमचाच, माझ्या शब्दाखातर घेतलेला. बुधवारच्या सभेत दोन वर्षांच्या त्याच नियमानं तुमचं वाटप रद्द झालं आणि त्याच सभेत तो मला दिला. मी घेतला. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवा. कोर्टात जायचं असेल तर वकील दुसरा बघा, हा माझ्याकडून आहे.

आणखी एक. ताईला तुम्हीच सांगा. तीन पत्रं तिच्या नावानं सुरू केली, पण जमलं नाही.