आधी विहीर दाखव

स्टेशनपेठ, नंदुरबार
फाल्गुन, सन १९३८

प्रिय अनसूया,

रागाच्या भरात लिहायला बसले आहे, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे. तू मागे आली होतीस तेव्हा स्टेशनच्या या बाजूला जिनिंगची चिमणी आणि बाभळी एवढंच होतं. आता चांगली पेठ झाली आहे. कुणालाही पत्ता विचार, दोनच खुणा सांगतात. धानोऱ्याच्या रस्त्याला नवा तलाव आणि रुळांच्या अंगाला शाळा. आमचं घर या दोन्हींच्या मधोमध, आणि दोन्हींच्या कमिटीत आमचे हे. तलावाच्या काठी सभासदांच्या नावांचा दगड बसवला आहे. त्यात यांचं नाव, 'खेमराज', सगळ्यांत वर. सध्या त्याच्यावर फडकं टाकलं आहे, मोठे साहेब उद्घाटनाला येऊन काढतील म्हणे. त्या फडक्याची जेवढी काळजी या घरात घेतात, तेवढी माझ्या लेकीची, बदामची कुणी घेत नाही.

बदाम आता अकराव्या वर्षात आहे. हिशेबात पक्की, वाचायला बसली की हाक ऐकू येत नाही. मला इयत्ता चौथीनंतर घरी बसवलं तेव्हा तू माझ्यासाठी रडली होतीस. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्या मुलीचं असं होऊ द्यायचं नाही. ठरवणं सोपं असतं गं.

आम्ही जैन पाणी गाळल्याशिवाय पीत नाही हे तुला ठाऊक आहे. धुळ्याच्या शाळेत माझ्या तांब्यावरच्या गळण्याच्या फडक्यावरून तू किती चिडवायचीस. पण नुसतं गाळून भागत नाही. गळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. परसात विहीर होती तोवर कडीचा लोटा अलगद खाली सोडला की काम झालं. मग ती आटली आणि कोपऱ्यावर नळ आला. नळाचं पाणी तलावाचं, म्हणजे जीव सोडायला तलावावर जाणं आलं. माझ्या सासूबाई, कंकुबाई, गुडघ्यांनी अधू. सुनेनं रस्त्यानं लोटा घेऊन फिरायचं नाही. राहता राहिली बदाम. आणि नळ येतो बरोबर शाळेच्या घंटेच्या वेळी. पोरगी तलावाकडे जाऊन उलटी शाळेकडे धावायची, आणि मास्तर तिला दाराबाहेर उभी करायचे.

दिवाळीनंतर शेजारणीनं येऊन सासूबाईंना सांगितलं, की तुमची नात तलावावर जातच नाही, लोटा शाळेमागच्या विहिरीत सोडते आणि वर्गात जाऊन बसते. घरात आकाश कोसळलं. तलावाचे जीव विहिरीत टाकले, म्हणजे रोज हिंसा. सासूबाईंनी उपास धरले आणि बदामची शाळा बंद झाली. मीही तिला खूप बोलले. ती रडली नाही. मुलांत राहून तिच्या तोंडी इथली अहिराणीच बसली आहे, तिच्यातच ती मला म्हणाली, "बाई, नळले तलावनं पानी येतच नही. शाळानी विहीरनं येस."

मी दुसऱ्याच दिवशी मंदिराला जायच्या निमित्तानं बघून आले. पोरीचं खरं होतं. पावसाळा सरताना तलावाचा बांध फुटला, पाणी झिरपून गेलं, आणि उरलं ते म्हशी बसण्यापुरतं. कमिटीनं गुपचूप शाळेमागच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि तेच पाणी नळाला जोडून दिलं. पेठेला काय, नळ आला म्हणजे झालं.

रात्री मी यांना म्हटलं, तुमच्या आईला एवढं सांगा आणि मुलीला शाळेत जाऊ द्या. लोटाही विहिरीत, घंटाही चुकायची नाही. तर म्हणतात, साहेब येऊन जाऊ देत, आत्ता बभ्रा नको. आणि सकाळी आईनं विचारलं तेव्हा तोंड वर करून सांगितलं, पाणी तलावाचंच आहे. वर शाळेच्या बक्षीस समारंभात मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा यांची मुलगी घरी तुरीची डाळ निवडत बसली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, अनू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

तीन महिने मी यांच्या विनवण्या केल्या. गेल्या आठवड्यात ते आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, बदामची सगाई करायची म्हणाले. मुलगी मोठी झाली, घरी बसून काय करणार, असं यांनीच मला विचारलं. ज्यांनी घरी बसवली त्यांनीच.

मग मात्र मी यांची वाट पाहणं सोडलं. सासूबाईंचा हात धरला आणि हळूहळू त्यांना शाळेमागे घेऊन गेले. इंजिन धडधडायला लागलं, तशी शाळेच्या भिंतीजवळच्या नळाला धार लागली. ते बंद पडलं, तशी धार आटली. त्यांनी दोनदा पाहिलं. घरी आल्यावर उंबऱ्यावरच बसल्या आणि त्यांचे डोळे वाहू लागले. नात घरी बसल्यापासून एका बाईला सांगून त्या लोटा तलावावर पाठवत होत्या, म्हणजे हिंसा झाली ती त्यांच्याच हुकमानं. मला वाटलं, आता माझ्यावर चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "छोरी साची ही. बेटो झूठो निकळ्यो."

इतकी वर्षं मी या बाईला माझ्या मुलीच्या वाटेतली धोंड समजत होते. त्यांना खरं सांगितलं आणि त्या एका दुपारीत बदलल्या. त्यांनी स्वतः मुलाला सांगितलं, पोरीला उद्यापासून शाळेत धाड. यांनी आईलाही नाही म्हटलं. बदाम विहिरीवर लोटा घेऊन गेली की पेठेत प्रश्न निघतील, आणि उद्घाटन तोंडावर आलं आहे. सगाई ठरली आहे, विषय संपला.

तर हे पत्र मी पोस्टानं पाठवलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. अमळनेरच्या गाडीनं ते बदामनंच तुझ्याकडे आणलं आहे. तू तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवतेस, तिला तुझ्या घरी ठेवून घे आणि शिकव. आखाजी उलटून जाईपर्यंत कुणीही न्यायला आलं तरी धाडू नकोस, अगदी हे स्वतः आले तरी. तिच्याबरोबर दारात पांढऱ्या लुगड्यातली जी म्हातारी गुडघे धरून उभी आहे, त्या माझ्या सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूनं त्या घराबाहेर पडल्या आहेत. पोरीला घेऊन जाते, असं त्यांनी मुलाला सांगितलंही, पण हे उद्घाटनाच्या मांडवाच्या बांबूंत गुंतले होते, कुठे म्हणून विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी मी सांगेन, आणि व्हायचं ते होईल. तू एवढंच कर. उन्हातून आल्या आहेत म्हणून त्यांना लगेच तांब्या देऊ नकोस, त्या घेणार नाहीत. आता त्या कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना आधी विहीर दाखव, मग पाणी दे.

तुझीच,
सोहन