मांडवात हळद थांबली आहे

पारू गो,

चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. तू देवाघरी गेल्यावर तुला कधी लिहिलं नाही, पण आज विचारायला दुसरं कोणी नाही. खाली मांडवात आपल्या नातवाची, कुणालची हळद भिजवून ठेवली आहे, बेंजोवाले वाद्यं लावून बसले आहेत, आणि वर तिसऱ्या माळ्यावर प्रेत आहे.

दत्ताला तू पाहिलं नाहीस. आपल्या विनोदने जुनं घर पाडून बिल्डिंग बांधली, त्यातला हा भाडेकरू, बीडकडचा. तुर्भ्याला गोडाऊनमध्ये माल उतरवायचा. आज सकाळी आंघोळीला गेला आणि तिथंच कोसळला. त्याचा भाऊ बीडहून निघालाय, संध्याकाळी पोचेल. तोवर उचलणार नाहीत.

आपल्या गावचा नेम तुला ठाऊक आहे. आळीत प्रेत असलं की वाजवायचं नाही, शुभकार्य करायचं नाही. पण हा नेम दत्ताला लागतो का? मला ठरवता येईना. सकाळची गोळी घेतली की नाही, तेही आठवत नाही.

विनोद म्हणाला, "बाबा, तो भाडेकरू हाय. गावचा नाय. उगाच टेन्शन घेऊ नका."

गावकीचे पंच चहा पिता पिता म्हणाले, "नेम गावाचा हाय, खोलीवाल्यांचा नाय. दर बिल्डिंगीत कोन ना कोन मरनारच. मंग आमी काय पोरांची लग्नाच लावायची नाय?"

लोक हसले. खोटं काय बोलले ते? गावात आता आपल्यापेक्षा भाडेकरूच जास्त. शिवाय उरणचे व्याही. आपली उष्टी हळद गेल्याशिवाय तिथं पोरीला हळद लागत नाही. लग्न उद्या सकाळी. त्यांनी मनात आढी धरली तर?

विनोदच्या हळदीला समोरची काशी म्हातारी गेली, आठवतं? कुंपणावरून तुमचं बोलणं बंद होतं. तरी परातीवर फडकं टाकून हळद थांबवलीस ती तूच, सगळ्यांच्या आधी. मी घाबरलो, तर म्हणालीस, "हलद काय, उद्या पन पिवलीच ऱ्हाईल." सगळं आयुष्य तूच ठरवत गेलीस आणि मला असा कच्चा ठेवून निघून गेलीस. या एका गोष्टीचा मला तुझा राग येतो.

दुपारी दत्ताची बायको जिन्यातून खाली आली. डोळे सुजलेले, पदर घट्ट धरलेला. मला म्हणाली, "काका, तुमचं शुभकार्य हाय, आमच्यापायी थांबू नका. वाजवा तुम्ही. मी वर दार लावून घेते."

दार लावून घेते म्हणाली गो. स्वतःच्याच घरात.

मी बेंजोवाल्यांकडे गेलो आणि सांगितलं, प्रेत उठेपर्यंत वाजवायचं नाही. विनोद सगळ्यांसमोर ओरडला, "मंग व्याह्यांना काय सांगू मी?"

मी सांगतो म्हणालो. फोन केला. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमची पोर पाटावर बसलीय, तिला थांबवताय तुमी." मग फोन ठेवला.

पंच चप्पल घालून निघून गेले. विनोद माझ्याकडे बघत नाही. मी चुकलो का, पारू?

तेवढ्यात कुणाल बाहेर आला. हळदीचे नवे कपडे काढून साधा शर्ट घातलेला. एकदा हळद लागली की नवऱ्या मुलाला प्रेताजवळ जाता येत नाही, म्हणून मी त्याला आत पाठवायला लागलो. तर म्हणतो, "आजोबा, अजून कुठं लागलीय हलद? खांद्याला मी येतो. त्याचा भाऊ एकटा काय करंल?"

विनोदने ते ऐकलं. खांद्याला गावच्या पोरांना हाक मारायला तो आळीत गेलाय.

खाली गाडी थांबली. भाऊ आला असावा, मला उठायला हवं. तुला शब्द देतो, दत्ताला गावच्या माणसासारखा गावाच्या खांद्यावरून नेऊ. मग आंघोळी करून पोराला हळद लावू, आणि उष्टी हळद घेऊन उरणला मी स्वतः जाईन. व्याह्यांनी दार लावून घेतलं, तर ते उघडेपर्यंत दारात उभा राहीन.

तू ज्याला भित्रा म्हणायचीस तो,
नामदेव