झाकण पडलं की बदलणारा लांडगा

आवडी, चेन्नई
१२ जुलै २०२५

चि. विमल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला हे कळलं, दुसऱ्याचं कधी ते मात्र लिहिलं नाहीस. फोन करून विचारलं असतं, पण मागच्या खेपेला आपण वीस मिनिटं बोललो आणि मला कळलं ते एवढंच की तू अजून आहेस. छत्तीस वर्षं रणगाड्यांच्या इंजिनांपाशी उभं राहिल्यावर कान उरतात ते चष्मा अडकवण्यापुरते. तेव्हा आपलं पत्रच बरं.

पत्रास कारण तुझी लाडकी भाची. शेजारचे पुरुषोत्तम तुला ठाऊक आहेत, तंजावरकडचे, बोलतात ते मराठीच पण ऐकताना आपण शहाजीराजांच्या दरबारात उभे आहोत असं वाटतं. परवा कट्ट्यावर म्हणाले की त्यांची लेक जननी फोनवर आमच्या ऊर्मीच्या कथा वाचते. मी छाती फुगवली. मग त्यांनी कथा सांगितली. एक मनुष्य असतो आणि तो लांडगा होतो. मी म्हटलं, पुढे? तर पुढे काही नाही, तेच.

कळलं का? एकुलत्या एका मुलीला इंजिनिअर केली ती यासाठी. शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतीत, एसीत बसून बाईसाहेब लांडगे लिहितात. या गावात मे महिन्यात माणसाला अंगावर बनियन सोसत नाही, तिथे अंगभर केस घेऊन हा प्राणी हिंडतो कसा, हे मला तिला विचारायचं आहे. पण विचारणार कधी? आवडी ते शोळिंगनल्लूर पंचेचाळीस किलोमीटर. तुझी वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली, त्यात लेक घरी आली एकदा, वर्षश्राद्धाला, आणि तीही जेवण होताच घड्याळ बघत निघाली. मी तिला काय कमी केलं, ते तिने एकदा सांगावं तरी.

विमल, थट्टा पुरे. घर खायला उठतं. या दिवाळीला ऊर्मी घरी यायला हवी. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. तेवढं कर. चकल्या मी विकतच्या आणीन, तिच्यावर करायची पाळी येणार नाही.

डोळे जप, आणि या बहिऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


नाशिक
३१ जुलै २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसून हसून उरलेला डोळाही पाणावला. तुझ्या लेकीचे लांडगे मला गेले सात महिने ठाऊक आहेत. ठाऊक काय, मीच ते पाळते म्हण ना. तिच्या कंपनीच्या, फोनवर वाचायच्या कथामालिका आठ भाषांत निघतात. साहेबाने आडनाव पाहिलं आणि मराठीचं खातं हिच्या गळ्यात मारलं. आवडीत तमिळ पोरांत वाढलेली मुलगी, तिचं मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी. म्हणून ती प्रत्येक भाग छापून, रुंद समास सोडून मला टपालाने पाठवते. मी लाल शाईने सुधारून परत धाडते. मास्तरीणबाई निवृत्त झाल्या तरी लाल पेन निवृत्त होत नाही.

या कामापायी मला म्हातारपणी लांडगेशास्त्र शिकावं लागलं. ग्रीकांच्या कथेत एका राजाने देवाला माणसाचं मांस वाढलं म्हणून देवाने त्याचा लांडगा केला. पुढे युरोपात कुणाची मेंढी मेली की गावातल्या गरिबाला लांडगा ठरवून जाळायचे, म्हणजे आपल्याकडच्या चेटकिणीसारखंच. चांदीच्या गोळीचं बऱ्याच नंतर कुणाला तरी सुचलं. आणि आता फोनवरचे लांडगे कंपनीचे मालक असतात, सदरा घालत नाहीत, आणि टायपिस्ट मुलीशी लग्न करतात. आपल्या पुराणांतही ऋषी हरणं होतात आणि राजे अजगर होतात, पण कुणी कारकुनीत लक्ष घालत नाही.

ऊर्मीचा लांडगा मात्र त्यांच्यातला नाही. तूच वाच. सोबत राखी आणि पहिल्या आठ भागांच्या प्रती पाठवते आहे. नववा आलेला आहे, तो अजून माझ्याकडे आहे.

दिवाळीचं म्हणशील तर मी तिला सांगू शकते, पाठवू शकत नाही. एकतीस वर्षांची आहे ती. सांगून पाहिलं. तर तिने विचारलं की आत्या, नवव्या भागाचं काय झालं.

राखी वेळेवर बांध, कुणाकडूनही. आणि बहिणीची आठवण राखीपुरती ठेवू नकोस.

तुझी,
विमल


आवडी, चेन्नई
१७ ऑगस्ट २०२५

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

राखी दोन दिवस उशिरा आली. जननीने बांधली आणि ओवाळणी म्हणून नवव्या भागात काय होतं ते मागितलं. इथली सगळी गल्ली बिघडलेली आहे.

आठही भाग वाचले. दोष काढायच्या तयारीने, हातात पेन्सिल घेऊनच बसलो होतो, आणि दोष पुष्कळ आहेत. पहिला म्हणजे, लांडगा पौर्णिमेला बदलतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिचा लांडगा पातेल्याचं झाकण पडलं की बदलतो. पंचांगाचा संबंधच नाही! अमावास्या असो, संकष्टी असो, स्वयंपाकघरात काही खणकन वाजलं की याला केस फुटले. दुसरं, हा मालक नाही, राजा नाही, साधा स्टेशनमास्तर. दिवसभर डोक्याशी गाड्यांचा धडधडाट, आणि घरी आला की त्याला टाचणी पडल्याचा आवाज चालत नाही. तिसरं, तो कुणाला खात नाही. मग लांडगा होतो कशाला? नुसता आरडाओरडा करायला आणि ताटं फेकायला? त्याला आपल्याकडे लांडगा म्हणत नाहीत, गृहस्थ म्हणतात.

असा हसत हसत चौथ्या भागाशी आलो. भिंतीवर वरणाचा डाग पडतो. बायको तो उलथन्याने खरवडते, वरून चुना लावते, तरी पावसाळ्यात पिवळा उमटतोच. आणि ती छोटी पोरगी पिठाच्या डब्यामागे कानांत बोटं घालून बसते. तिथे पेन्सिल थांबली. अगं विमल, हे तर आपले नाना! रेल्वेची नोकरी, तो संताप, ते ढकललेलं ताट. मी कधीतरी तिला नानांच्या गोष्टी सांगितल्या असणार. पोरीने ध्यानात ठेवल्या. मला वाटायचं ही माझं काही ऐकतच नाही.

खरं सांगतो, रडलो. आपल्या लहानपणीचं आपल्यालाही इतकं नीट सांगता आलं नसतं. तिला म्हणावं, म्हाताऱ्याने सगळे शब्द मागे घेतले. नानांच्या आणखी पुष्कळ गोष्टी माझ्यापाशी आहेत. दिवाळीला ये, शेजारी बसून सांगतो, हवं तर वहीत लिहून देतो.

आणि तो नववा भाग काय लोणचं घालायला ठेवला आहेस? लगेच पाठव. 

तुझ्या लाल पेनाचा वचक आमच्यावरही असू दे.

दादा


नाशिक
३० ऑगस्ट २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

गणपती बसले. मोदक यंदा बाहेरून आणले, डोळ्यामुळे. हे अगोदर लिहून टाकते, कारण पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले आहेत.

दादा, नाना गेले ते एकोणनव्वद साली. ऊर्मी चौऱ्याण्णवची. आणि नानांनी ताट ढकललं ते आयुष्यात एकदा. त्यानंतर आईने दोन दिवस चूल पेटवली नाही, आणि नाना स्टेशनवरच्या भज्यांवर राहिले, ते तुलाही आठवत असेल. पुन्हा कधी ताट ढकललं नाही त्यांनी. बिचाऱ्या नानांना उगाच कशाला लांडगा करतोस? ते ओरडले तर गल्लीतलं मांजरही उठत नसे.

नववा भाग सोबत आहे. तो मी मुद्दाम ठेवून घेतला होता. त्यात लाल शाईची एकही खूण नाही. चुका आहेत, पण माझा हात झाला नाही.

तुला वाचायला मिळेलच, तरी मीच सांगते. सकाळ झाली की लांडग्याचा माणूस होतो. कुणाशी बोलत नाही. दारातल्या पायरीवर बसतो आणि पोरीचे शाळेचे बूट पॉलिश करत राहतो. आधी ब्रश, मग फडकं, मग जुनी बनियन. बूट जितके जास्त चमकतील तितकी रात्र वाईट गेलेली असते, हे पोरीला कळायला लागतं. ती डोळे उघडल्यावर आधी बूट बघते.

आपल्या घरी बूट कुणाला होते रे? मी दहावीपर्यंत अनवाणी शाळेत गेले, आणि तूही.

मी दर मे महिन्यात तुमच्याकडे आवडीला यायचे. दारात ऊर्मीचे बूट आरशासारखे लखलखत असायचे. मी वहिनीला चिडवायचे की बघा, आमचा दादा किती हौशी बाप. मे महिन्यात, दादा. शाळा बंद असताना. शाळेची बाई होते मी, एवढं गणित मला सुटायला हवं होतं. वहिनी हसायची आणि आत जायची. मी कधी तिच्यामागे आत गेले नाही. तुला बोलायचा मला काय अधिकार, मी तरी काय केलं?

तिला काय कमी केलं, असं तू विचारलं होतंस. ते तिने सांगितलं आहे. नऊ भागांत. दिवाळीसाठी मी आता तिला पुन्हा सांगणार नाही. सांगायचं असेल तर तू सांग, आणि मला नव्हे.

राग धरू नकोस. धरलास तरी मी तुझी बहीणच राहणार आहे.

विमल


आवडी, चेन्नई
२२ सप्टेंबर २०२५

चि. ऊर्मी हिस आशीर्वाद.

पत्ता आत्याकडून घेतला. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे. पहिल्या तिन्हींत मी कारखान्यातल्या आवाजाबद्दल लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्या आवाजात आणखी चारशे माणसं काम करत होती, आणि त्यातल्या पुष्कळांच्या भिंती स्वच्छ होत्या.

गोष्ट वाचून मी आत्याला लिहिलं, हे तर आपले नाना. मला खरंच नाना दिसले. माणूस स्वतःची किती सोय पाहतो बघ.

नववा भाग वाचला. आत्याने सुधारला नाही, म्हणून एक सुधारणा मी करतो. शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस की सकाळी माणूस झाल्यावर लांडग्याला रात्रीचं काही आठवत नाही. सगळ्या गोष्टींत तसंच असतं म्हणे. ते चूक आहे. त्याला आठवतं. सगळं. कुणाचं रडणं कुठून येत होतं तेही. आठवतं म्हणूनच तो बूट घेऊन बसतो, कारण तोंड उघडलं तर ते बोलावं लागेल. तुझी आई तशीच गेली, तिच्याशी बोलायचं राहिलं. तिच्या तर चपला होत्या, त्यांना पॉलिशही लागत नव्हतं.

मी चुकलो, ऊर्मी. वाईट वागलो, तुझ्याशी आणि तिच्याशी, आणि वर्षानुवर्षं वागलो. हे मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, निदान एखाद्या सकाळी.

दिवाळीला ये असं म्हणत नाही. गोष्ट मात्र थांबवू नकोस. जननी वाट बघते आहे. चांदीची गोळी घालणार असशील तर घाल, माझी हरकत नाही.

सुखात राहा. उत्तर आलंच पाहिजे असं नाही.

बाबा


शोळिंगनल्लूर, चेन्नई
५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना नमस्कार.

हे पत्र आत्याने तपासलेलं नाही. चुका असतील, चालवून घ्या.

नवव्या भागातली ओळ मी बदलली. तुम्ही सांगितली तशीच घातली. ऑफिसात सगळे म्हणाले की लांडग्याला आठवलं तर वाचणाऱ्यांना आवडणार नाही, त्याची दया येत नाही मग. मी म्हटलं, मलाही येत नाही, पण खरं तेच आहे. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हाला खरंच आठवत नाही. ते जास्त वाईट होतं की हे, अजून ठरत नाही. तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. एक पूर्ण मीटिंग बुडाली.

चांदीची गोळी नाही घालणार. ती फार सोपी आहे.

मी दिवाळीला येते. सकाळी येईन, संध्याकाळच्या बसने परत. राहणार नाही. चकल्या पुरुषोत्तममामांच्या घरून आणा, दुकानातल्या मऊ पडतात. आता मी बूट घालत नाही, ऑफिसातही चपलाच, तेव्हा तुम्हाला सकाळी काही काम नाही. बोलायला बसा.

एक आधीच सांगून ठेवते. मी स्वयंपाकघरात जाईन, आईचं मोठं पातेलं खाली काढीन, आणि त्याचं झाकण मुद्दाम जमिनीवर पाडीन. दोनदा. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून जवळून. पिठाच्या डब्यामागे मी आता मावत नाही, तेव्हा तिथेच उभी राहीन आणि तुमच्याकडे बघेन.

मग दहावा भाग लिहायला घेईन.

ऊर्मी