तुमचे पिवळे इअरमफ

बाबा, स्टील प्लांटमधून आणलेले तुमचे पिवळे इअरमफ, गोंगाटात कान झाकायचे, अजून माझ्याजवळ आहेत. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत मी तेच कानावर चढवते. आम्ही जिवाणूंकडून पेप्टाइड बनवून घेतो, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, जखमेतले जंतू मारणारा. पण असा जहाल, की मोकळा तयार झाला तर बनवणाऱ्या जिवाणूचाच जीव घेतो. म्हणून त्याला एक मोठं, गरीब प्रथिन जोडून ठेवायचं. तो टॅग. टॅग आहे तोवर विष गप्प पडून राहतं. मग भांडं बर्फात ठेवून आवाजाच्या कंपनांनी जिवाणू फोडायचे. काय किंचाळतं ते यंत्र! एकेकाचं पोट फाटत जातं आणि दुधासारखं गढूळ पाणी नितळ होतं. पुढे निकेल भरलेल्या नळीत टॅग चिकटून बसतो, बाकी घाण धुऊन जाते. शेवटी एन्झाइमनं टॅग कापला की मोकळं विष हातात.

तुम्ही हात उचलण्याआधी माझ्या कानांची सोय करायचे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलात, की चहा गार झाला एवढं कारणही पुरायचं. "लाव वं पोरी कानाले, अन् अंगनात जाऊन बस." भट्टीजवळच्या गोंगाटानं तुमचे कान केव्हाच गेले होते. मफ लावल्यावर तुम्हाला काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून मलाही येत नसेल, असं तुम्ही खुशाल धरून चाललात.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी मफ लावून क्वार्टरच्या अंगणात पेरूखाली बसले आहे. आत तवा आदळतो. आईचं डोकं भिंतीवर, एकदा, पुन्हा एकदा. "अवो नका ना मारू, पोरगी आयकून राहिली!" आणि तुम्ही ओरडता, "तिले काही आयकू येत नाही!" मग वाळली काडी मोडावी तसा आवाज. ते तिचं मनगट होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. चितेवर ते हात जळाले, हे ऐकून मला बरं वाटलं. आजही वाटतं.

आज पितृपक्षातलं तुमचं पान होतं. आई आता माझ्याकडेच असते. त्याच वाकड्या मनगटानं तिनं वडे थापले, तुमच्या आवडीची कढी केली. माझा तर तिळपापड झाला. म्हटलं, "कावून करतं वं आई त्या मानसासाठी एवढं?" ती म्हणाली, "कसेई असो तुह्ये बाबा, पन तुह्या कानावर काही पडू नाही देल्लं त्यायनं. मी तेवढ्यावरच दिवस काढले. तुले आयकू येत नव्हतं ना?"

सगळं जिभेवर आलं होतं. तवा, भिंत, काडी. ती हातातला वडा तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही आई. काहीच नाही."

तिनं वडा तेलात सोडला आणि तुमच्या पानाभोवती पाणी फिरवायला मला हाक मारली. मी गेले.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? तिच्या हाती लागण्याआधी फाडून टाकते. तुमच्यासाठी खोटं बोलले नाही, गैरसमज नको. आयुष्यभर टॅग कापत आले, बाबा. तिचा तेवढा माझ्याच्यानं कापवला नाही.