कॅमेऱ्यावरचं गंध

अप्पा, परवा लेकीला घेऊन चेन्नईला जाऊन आले, तुमच्या माउंट रोडवर, कॅमेरा घ्यायला. ती तिथल्या कॉलेजात फोटोग्राफी शिकणार आहे. पुढच्या महिन्यापासून घरात मी एकटी. तुमचा, तिच्या ताताचा, जुना कॅमेराही पिशवीत घालून नेला होता, हे मात्र तिला सांगितलं नव्हतं. एग्मोरला उतरल्यापासून माझा हात सारखा पिशवीत जात होता. "अम्मा, पर्स आहे ना जागेवर? मग काय चाचपतेस सारखं?" ती तमिळमध्ये विचारत होती. मराठी तिला सगळं कळतं, तोंडातून मात्र तमिळच येतं.

तुम्ही तो कॅमेरा घेतलात तेव्हा मी शाळेत होते. माझ्या हनुवटीपर्यंत येणारं काउंटर, काचेखाली ओळीनं मांडलेले कॅमेरे, आणि वेष्टीचं टोक सावरत तुम्ही मला हळूच मराठीत बजावताय, "तोंड पाडून उभी राहा. आवडलं असं दाखवू नको." दुकानदाराला मराठी कळत नाही, हेच आपलं भांडवल. थोड्या वेळानं तुम्ही म्हणता, "चल, निघू," आपण दारापर्यंत जातो आणि मागून हाक येते, "सार, सार, या हो आत!" तंजावूरला पोचेपर्यंत तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत होतात.

तीच युक्ती परवा मी करून पाहिली. पहिल्याच दुकानात तिनं एक कॅमेरा डोळ्याला लावला, तिचा चेहरा उजळला, आणि मी मराठीत म्हटलं, "आवडलं असं दाखवू नको ग." ती मोठ्यानं तमिळमध्ये म्हणाली, "पण मला आवडलाय ना, अम्मा! लपवायचं कशाला?" दुकानदार खो खो हसला. "मॅडम, मुलगी खरं बोलते. तुम्हीच आता आढेवेढे सोडा." मी ओशाळून बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात धड बसलेही नाही. रस्त्यावर कॉफी घेतली, तीही अर्धी टाकली. लेक वैतागली. "तुला नक्की काय हवंय?" मी पिशवी काखेत धरून पुढच्या दुकानाकडे चालू लागले.

अप्पा, तुमचा कॅमेरा मला घरात स्वस्थ बसू देत नाही. सरस्वतीपूजेला तुम्ही तो पुस्तकांच्या शेजारी पाटावर ठेवायचात, अनामिकेनं गंधाचा ठिपका लावायचात, वर कुंकू. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. म्हणून आपल्या अल्बममध्ये त्या दिवसाचा एकही फोटो नाही. विजयादशमीला सकाळी मी पुस्तकातली एक ओळ वाचायची आणि तुम्ही माझा फोटो काढायचा, तेव्हा कुठे वर्ष सुरू व्हायचं. तुमचा शेवटचा ठिपका अजून तसाच आहे, वाळून पापुद्र्यासारखा झालेला. दर नवरात्रात मी कॅमेरा काढते आणि अडते. नवीन गंध लावलं तर तुमचं खाली झाकून जाईल. नाही लावलं तर पूजा राहते. दर वर्षी तसाच परत कपाटात ठेवते. लेन्समध्ये बुरशीची जाळी धरलीय. लेक गेल्यावर त्या कपाटासमोर एकटीनं उभं राहायचं मला नको होतं.

तिसऱ्या दुकानात जुने कॅमेरे काचेच्या कपाटात शोभेला मांडले होते. तिथला माणूस वयस्कर, मवाळ. मी पिशवीतून तुमचा कॅमेरा काढून त्याच्यापुढे ठेवला. लेक माझ्याकडे बघतच राहिली. "एक्स्चेंजमध्ये घ्याल?" त्यानं उलटसुलट करून पाहिला. "चालत नाही हा, पण शोकेसमध्ये छान दिसेल. द्या, स्वच्छ करून ठेवतो." मी म्हटलं, "सरी." ठीक आहे, एवढंच. त्यानं सहज अंगठ्याचं नख गंधावर लावलं. पिवळी पूड काचेवर पडली.

"अम्मा, देऊ नको." मराठीत. मी चमकून वळले. "ताताचं गंध आहे ते. चल, निघू." तिनं त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला, माझा दंड धरला, आणि आम्ही दारापर्यंत पोचलोसुद्धा. मागून हाक आली. "अम्मा, अम्मा, थांबा! एक्स्चेंज नको तर नको. नव्या कॅमेऱ्याबरोबर बॅग फुकट देतो, या!"

नवा कॅमेरा तिथूनच घेतला. परतीच्या गाडीत तिनं तो खोक्यातून काढलाही नाही. मांडीवर तुमचा होता. पापनाशम मागे पडल्यावर म्हणाली, "अर्धा ठिपका राहिलाय. पूजेला मी घरी येईन. रिकाम्या अर्ध्यात मी लावीन, ताताच्या शेजारी." मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "काय नाटक केलंस ग, अम्मा! खरंच देतेयस असं वाटलं मला. ताताची युक्ती ना?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही शिकवलेली ही मराठी अक्षरं या घरात आता माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून इथे लिहिते: नाटक नव्हतं, अप्पा. मी दिला होता. आत्ता ती दारात उभी राहून विचारतेय, काय लिहितेस, वाचून दाखव. दाखवीन. तेवढं "नाटक नव्हतं" आणि त्यापुढचं गाळून.